गाडीचे सवणे

जिंतूर मागे टाकून आम्ही औंढ्याच्या रस्त्याला लागलो तेव्हा सकाळचे आठ वाजले होते. माघातली थंडी अजून शेतांवरून उठली नव्हती. हरभरा घाट्यांनी भरला होता, गव्हाच्या ओंब्या हिरव्या होत्या, आणि मधूनच हळदीचे एखादे रान पाने वाळून तपकिरी पडलेले दिसे. आई खिडकीशी बसून हे सारे पाहत होती. तिचे वय ८४. या वाटेने ती पहिल्यांदा गेली ती लग्नानंतर, सासरी जाताना. तेव्हा हा सगळा भाग परभणी जिल्ह्यात होता. हिंगोली हा वेगळा जिल्हा झाला तो १ मे १९९९ रोजी. “जिल्हा कोणता का असंना, माझं माहेर वसमतच्या अंगाला,” असे ती म्हणे.

ते माहेर तिने अकरा वर्षांत पाहिले नव्हते. दोन वर्षांपूर्वी खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली, ती वॉकर धरून चालू लागली; पण प्रवासाचे नाव काढले की नको म्हणे. कारण विचारले तर विषय बदले. शेवटी माझ्या पत्नीने ते काढून घेतले. आईला प्रवासाची भीती नव्हती; भीती होती ती वाटेतल्या संडासाची. एस.टी.ची उंच पायरी, लॉजमधली ओली फरशी, रात्रीतून तीनदा उठावे लागणे आणि दर वेळी कोणाला तरी जागे करणे, या साऱ्याची तिला लाज वाटे. घरात वृद्ध माणूस असलेल्या कोणालाही हे नवे नाही.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत फिटरचे काम शिकवण्यात माझी सारी नोकरी गेली. निवृत्तीनंतर हात रिकामे होते. एक जुनी, तेरा आसनांची प्रवासी गाडी विकत घेतली आणि आठ महिने अंगणात उभी करून तिचे घर केले.

अंगणातले आठ महिने

चाकांवरचे घर ही कल्पना आपल्याकडे परकी नाही. बैलगाडीत संसार मांडून गावोगाव विळे-कोयते शेवटणारे घिसाडी आईने लहानपणापासून पाहिलेले. आषाढीला शेगावहून निघणारी गजानन महाराजांची पालखी याच हिंगोली जिल्ह्यातून पंढरपूरकडे जाते; वारीच्या दिंड्यांबरोबर चालणारे ट्रक हे महिनाभराचे स्वयंपाकघर, कोठीघर आणि अडलेल्या वारकऱ्याचे अंथरूणही असतात. राज्य शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले, त्याच्या फार आधीपासून मराठी माणूस चाकांवर राहत आला आहे.

मात्र हौसेने गाडी बदलणाऱ्याने कायदा आधी पाहावा. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. परिवहन कार्यालयाची मंजुरी आणि नोंदणी पुस्तकात त्या बदलाची नोंद आवश्यक असते. विमा कंपनीलाही कळवावे लागते. मी हे सोपस्कार आधी उरकले आणि मगच हत्यारे बाहेर काढली.

पहिले काम पायरीचे. मूळ पायरी जमिनीपासून जवळजवळ दीड फूट वर होती. मी खाली घडीच्या दोन पायऱ्या जोडल्या, म्हणजे प्रत्येक चढ सहा-सात इंचांचा झाला. दाराशी धरायला दांडी बसवली. ही दांडी आतल्या प्लायवूडला स्क्रूने कधीही लावू नये. तोल जाताना वृद्ध माणूस सगळे वजन तिच्यावर टाकते. ती उपटून आली तर नसती तरच बरे होते, असे म्हणावे लागेल. पत्र्यामागच्या लोखंडी सांगाड्याला नटबोल्टने आवळली तरच ती आधार होते. पलंगापासून हाताच्या अंतरावर, पडद्याआड, कमोडची बैठक ठेवली. तिथवरच्या वाटेवर रात्रभर जळणारा मंद दिवा लावला.

दिवे आणि पंखा यांसाठी वेगळी बॅटरी घेतली. इथे घरी काम करणारे पुष्कळ जण चुकतात. ६० वॅटचे उपकरण घरच्या २३० व्होल्टवर जेमतेम पाव अँपिअर घेते. तेच १२ व्होल्टवर ५ अँपिअर घेते. घरातली बारीक वायर गाडीत वापरली तर ती तापते आणि आग लागू शकते. म्हणून वायर जाड हवी आणि फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ हवा.

सर्वांत अधिक वेळ गेला तो गळतीत. गाडीच्या छताला मधोमध हवेसाठी एक झडप होती आणि पावसाळ्यात ती ठिबकत असे. मी दोनदा तिचे रबर बदलले. तिसऱ्यांदा कंटाळून ती काढूनच टाकली, वर पत्रा बसवला आणि सांधा सीलंटने भरला. मग तसाच हात चालवत खिडक्यांच्या कडा, दारांच्या फटी, फरशीतली भोके, सारे बुजवले. छतावर दहा बादल्या पाणी ओतले. आत थेंब आला नाही. रस्त्यावरून धुळीचा ट्रक गेला. आत कण आला नाही. इतके नेटके काम मी विद्यार्थ्यांकडूनही क्वचित करून घेतले असेल.

आई बाजेवर बसून पाहत होती. ती म्हणाली, “आमच्या माळवदाला सवणं होतं. चूल पेटली की धूर तिकडून वर जायचा. तुझ्या गाडीला सवणं कुठंय?”

मराठवाड्यातल्या मातीच्या धाब्याच्या घरांना, म्हणजे माळवदांना, छतात एक भोक ठेवत. उजेड आत यावा आणि धूर बाहेर जावा म्हणून. ते सवणे. मी हसलो आणि म्हणालो, “माय, गाडीत चूल कुठं आहे?”

औंढ्याच्या पायरीशी

औंढा नागनाथाचे देऊळ दुरून बसके वाटते आणि जवळ गेल्यावर अवाढव्य होते. यादवकालीन बांधणीचा खालचा भाग शिल्पांनी भरलेला आहे. वरचे बांधकाम पुढच्या काळातले. ज्योतिर्लिंग आहे ते जमिनीखालच्या गाभाऱ्यात. तिथे अरुंद वाटेने, अंग चोरून आणि मान वाकवून उतरावे लागते. गर्दी झाली की खाली हवा कोंदते. गुडघे, खुबा किंवा दम यांची तक्रार असलेल्या माणसाने इथे भक्तीची परीक्षा देऊ नये.

आईने ती दिली नाही. सभामंडपात खांबाला टेकून ती बसली आणि म्हणाली, “तू जाऊन ये. देवाला ठाऊक आहे माझ्या खुब्याचं.” विसोबा खेचरांनी नामदेवांना उपदेश केला तो याच ठिकाणी, अशी परंपरा आहे. देव अमुक एका जागीच नाही, हा त्या उपदेशाचा गाभा. मी खाली जाऊन वर आलो तेव्हा आई शेजारच्या बाईंना आपल्या माहेरची माणसे मोजून दाखवत होती. पुष्कळ दिवसांनी तिचा आवाज मोकळा ऐकला.

ती जेवून निजली तेव्हा मी गाडीभोवती फिरलो. ही फेरी मी रोज दोनदा घालतो. अशा गाड्या धावून बिघडत नाहीत तितक्या उभ्या राहून बिघडतात. टायरची नक्षी शाबूत असते, पण बाजूंना बारीक चिरा पडलेल्या असतात. टायरवर चार आकड्यांचा एक शिक्का असतो. २३१९ असेल तर तो टायर २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यात तयार झाला. जुन्या गाडीचे टायर घेताना नक्षीआधी हे आकडे वाचावेत. बॅटरीही न वापरता पडून राहिली की आतून मरते. पूर्ण भरलेली शिशाची बॅटरी स्थिर असताना साधारण १२.६ व्होल्ट दाखवते, १२.२ च्या आसपास ती निम्म्यावर आलेली असते आणि तिथून खाली तिला वरचेवर नेऊ नये. ब्रेकचे तेल हवेतला ओलावा शोषते. नुसत्या उभ्या गाडीचा उंदीर तर काळच. कापसाच्या आणि सोयाबीनच्या गावांत तो एका रात्रीत वायरी कुरतडून ठेवतो.

उभ्या शरीराचेही असेच होते. शस्त्रक्रियेनंतर आई तीन आठवडे पडून होती तेव्हा तिच्या मांड्यांची जी रया गेली, ती परत यायला सहा महिन्यांचा व्यायाम लागला. आठवड्यातून एकदा गाडी चार-पाच कोस फिरवावी, आणि वृद्ध माणसाला रोज चार पावले.

औंढ्याजवळच दुधाळ्याच्या परिसरात गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया ही वेधशाळा उभी राहत आहे. तिच्या एकेका भुजेची लांबी ४ किलोमीटर असणार आहे. विश्वाच्या टोकावरून आलेला अतिसूक्ष्म कंप तिथे ऐकायचा, म्हणून शांत जमीन शोधत शास्त्रज्ञ या माळावर आले. मला ते मनापासून आवडले. गाडी सांभाळायची असो की माणूस, निम्मे काम ऐकण्याचेच असते. चाकाचा बदललेला गुणगुणाट असो किंवा आईच्या पावलाचा बदललेला ठेका, तो आधी कानाला कळतो. मी मात्र त्याच रात्री ऐकण्यात कमी पडलो.

नर्सीची रात्र

औंढ्याच्या बाजारात आईसाठी एक छोटी लोखंडी शेगडी घेतली. नर्सी नामदेव गाव कयाधू नदीच्या काठी आहे. संत नामदेवांचे हे जन्मस्थान. त्यांची ६१ पदे शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत. त्यामुळे नांदेडच्या गुरुद्वाऱ्याला आलेले पंजाबी यात्रेकरू इथेही आवर्जून येतात. पटके आणि पगड्या एकाच पारावर बसलेल्या पाहून आईला गंमत वाटली. नामदेव शिंप्याच्या घरचे. आई त्यांच्याविषयी बोलते ती एका टाक्याचे काम जाणणाऱ्या माणसाने दुसऱ्याविषयी बोलावे तशी. आयुष्यभर तिने गोधड्या शिवल्या आहेत.

परवानगी घेऊन गाडी एका मोकळ्या आवारात लावली. स्वयंपाक नेहमीप्रमाणे गाडीबाहेर केला. गाडीच्या आत गॅस पेटवायचा नाही हा नियम मी पहिल्या दिवसापासून पाळला होता. जेवणानंतर थंडी वाढली. आईचे पाय गार पडले होते. शेगडीतले कोळसे रसरशीत लाल झाले होते, त्यांना ज्वाळा नव्हती आणि धूरही नव्हता. धूर नाही म्हणजे धोका नाही, असे मी समजलो. शेगडी आत घेतली, पत्र्यावर ठेवली, दार लावले. पाच मिनिटांत ऊब पसरली. आम्ही तिघेही झोपी गेलो.

रात्री बाराच्या सुमारास आई लघवीला उठली. तिने मला हाक मारली, “लेकरा, डोकं लई जड पडलंय. उभं राहवंना.” मी उठलो तर माझेही कपाळ ठणकत होते. पत्नीला मळमळत होते. संध्याकाळच्या भज्यांवर खापर फोडून मी आईला पाणी दिले आणि बोटाला ऑक्सिमीटर लावला. त्याने ९७ दाखवले. मी म्हणालो, “काही नाही, दमली आहेस. नीज.”

आई निजली नाही. तिने दाराची कडी धरली आणि म्हणाली, “आधी दार उघड. इथं धूर कोंडलाय.”

“धूर कुठं आहे, माय?”

“दिसत न्हाई म्हणून नसतो का?”

दार उघडले. गार वाऱ्याचा झोत आत आला आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. तिघांना एकाच वेळी, एकाच जागी, सारखाच त्रास; आत निखारे; आणि मी स्वतःच्या हाताने बुजवलेली एकूण एक फट. तिघेही बाहेर येऊन बसलो, आईला गोधडीत गुंडाळले आणि १०८ क्रमांकावर फोन केला.

जे दिसत नाही ते

हिंगोलीच्या रुग्णालयात तिघांना ऑक्सिजनचे मुखवटे लावले. आईचा हृदयाचा आलेख काढला, रक्त तपासले. तिथल्या तरुण डॉक्टरांनी जे शांतपणे समजावले ते प्रत्येक घरात माहीत असावे असे आहे.

निखारे पुरती हवा न मिळता धुमसले की कार्बन मोनॉक्साइड हा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, त्याने डोळे चुरचुरत नाहीत. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. मग शरीरात रक्त असते पण प्राणवायू पोचत नाही. डोके दुखणे, गरगरणे, मळमळ, गळाठा, गोंधळल्यासारखे होणे ही त्याची लक्षणे. वृद्धांच्या बाबतीत घोटाळा असा, की यांतले प्रत्येक लक्षण आपण म्हातारपणाच्या खात्यावर टाकून मोकळे होतो. म्हणून दोन खुणा ध्यानात ठेवाव्यात. एकाच जागी असलेल्या अनेकांना एकदम त्रास होणे, ही पहिली. मोकळ्या हवेत आल्यावर बरे वाटू लागणे, ही दुसरी.

आणि ऑक्सिमीटर? बोटाला लावायचे साधे ऑक्सिमीटर ऑक्सिजन चिकटलेले आणि हा विषारी वायू चिकटलेले हिमोग्लोबिन यांत फरक करू शकत नाही. रक्त विषाने भरलेले असतानाही ते ९७-९८ दाखवू शकते. करोनानंतर घराघरांत पोचलेल्या या यंत्रावर आपला फार विश्वास बसला आहे. त्या रात्री त्याच्यापेक्षा आईचे डोके खरे बोलत होते.

साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात. शुद्ध ऑक्सिजन दिला तर एक-दीड तासात तो निम्मा होतो. म्हणून बरे वाटले तरी रुग्णालयात जाणे टाळू नये. काही रुग्णांत पुढे काही दिवसांनी वा आठवड्यांनी विसराळूपणा, चालीत किंवा वागण्यात बदल दिसू शकतो; त्यावरही लक्ष ठेवायचे होते. सकाळी डॉक्टर आईला म्हणाले, “आजी, तुम्ही उठला नसता तर?” आई म्हणाली, “म्हातारपणी रातचं उठावं लागतं, त्याला सारे नावं ठेवतात.”

मी परत फिरायचे ठरवले. औषधांची पिशवी भरली, मामेभावाला तसा फोनही केला. आईने तो ऐकला. ती चिडली नाही, एवढेच म्हणाली, “तुझं असंच आहे. भोक दिसलं की बुजवतोस. मला पडू देत न्हाईस, ठीक. पण शिळं खाऊ नको, उन्हात बसू नको, भाजी निवडू नको, सुई धरू नको. माणसाला बी सवणं लागतं, बाबा.”

मी उत्तर दिले नाही. दोन वर्षांत मी तिच्या हातून कायकाय काढून घेतले होते, ते मनात मोजत राहिलो.

दुरुस्तीची दुरुस्ती

डॉक्टरांनी तपासून मोकळीक दिल्यावर आम्ही हिंगोलीत दोन दिवस थांबलो. एका वेल्डिंगच्या दुकानासमोर गाडी लावून मी छतावरचा माझाच पत्रा कापला. या वेळी झडप सरळ छतावर बसवली नाही. भोकाभोवती दोन इंच उंच लोखंडी काठ उभा केला, म्हणजे छतावर साचलेले पाणी काठाला वळसा घालून जाईल; त्यावर कडा खाली वळवलेले टोपण चार पायांवर उंच बसवले. हवा बाजूंनी जाते, पाऊस आत येत नाही. जुने सीलंट पुरते खरवडून, जागा कोरडी करूनच नवे भरले. जुन्यावर नवे भरले तर ते धरत नाही. पहिल्या वेळी गळती थांबत नव्हती तिचे कारण हेच होते. मी रबर बदलत राहिलो, आणि दोष बसवण्याच्या पद्धतीत होता.

दुसरी झरोक्याची जाळी दाराजवळ खाली, फरशीलगत ठेवली. वर आणि खाली अशा दोन वाटा असल्या तरच हवा खेळते. शिवाय स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड, तो गळला तर तळाशी साचतो. बॅटरी भरताना निघणारा हायड्रोजन हलका, तो वर जातो. दोघांनाही आपापली वाट हवी. एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगितली पाहिजे. झरोके ठेवले म्हणजे आत शेगडी चालते, असे मुळीच नाही. निद्रास्थानात निखारे, कोळसा किंवा गॅसची शेगडी नाही. झोपताना इंजिन चालू ठेवून वातानुकूलनही नाही. पाय गार पडले तर लोकरी मोजे आणि गरम पाण्याची पिशवी पुरते. तीही फडक्यात गुंडाळून, कारण मधुमेहात तळपायांना चटका कळत नाही. कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारी छोटी घंटा मिळते. ती मागवली आणि पलंगाच्या उंचीवर लावली.

दोन्ही भोकांना उंदरांसाठी तारेची जाळी बसवली. डासांसाठी आत कापडी जाळी हवी होती. ती मी चिकटवणार होतो. आई म्हणाली, “आण इकडं.” मी क्षणभर थांबलो आणि सुई तिच्या हाती दिली. तिने जाळीला चारी बाजूंनी पट्टी लावली, कोपऱ्यांत नाड्या शिवल्या, म्हणजे धुवायला काढता येईल. ते मला सुचले नव्हते. दोरा ओवायला मात्र तिने पत्नीला सांगितले.

वसमतच्या अंगाला

वसमतचा बाजार हळदीचा. इथल्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि या दिवसांत अख्ख्या तालुक्याला तिचा वास असतो. मामेभावाच्या शेतात काढणी चालू होती. ट्रॉलीवर चढवलेल्या पिंपांत वाफ सोडून हळद शिजवत होते. शिजलेले कंद खळ्यावर पसरले होते. गाडी त्या खळ्याजवळ नेण्याच्या हौसेने मी भिजल्या काळ्या रानाच्या कडेला उतरवली आणि मागचे चाक रुतले. काळी माती ओली असताना तिच्यावर भरवसा ठेवू नये, हे या मातीच्या नातवाला तरी ठाऊक असायला हवे होते. आईला आधी खाली उतरवून खुर्चीवर बसवले, मग मामेभावाने ट्रॅक्टर लावून गाडी ओढली. “आत्या, गाडी माहेरीच राहायचं म्हणतीय,” तो म्हणाला.

जुन्या वाड्याच्या जागी आता स्लॅबचे घर आहे. माळवदाची एकच खोली उरली आहे. तिच्यात हळदीची पोती ठेवतात. आईने तिथे जाण्याचा हट्ट धरला. उंबरा उंच होता. मी एका बाजूने, मामेभाऊ दुसऱ्या बाजूने, अशी ती आत गेली. अंधारात छतातून उजेडाचा एक गोल झोत पोत्यांवर पडला होता आणि त्यात हळदीची धूळ तरंगत होती.

मी शिडी लावून धाब्यावर चढलो. सवण्याभोवती मातीचा वीतभर उंच काठ केला होता, पाणी वळून जावे म्हणून. शेजारी एक पालथी घालायची माठाची खापरी पडली होती. पाऊस आला की तिच्याखाली तीन दगड ठेवून ती सवण्यावर टेकवत, म्हणजे हवा खेळती राही. हिंगोलीत दोन दिवस खपून मी जे केले, ते इथे शंभर वर्षांपूर्वी कोणी मातीत करून ठेवले होते.

खालून आईची हाक आली, “दिसलं का?”

“दिसलं,” मी म्हणालो.

वृद्धांसह निघण्यापूर्वी

• टायरची हवा गाडी थंड असताना मोजा. नक्षी १.६ मिलिमीटरवर आली की टायर बदला. चाक बदलताना सर्वांना खाली उतरवा, दुसऱ्या चाकांना दगड लावा, नट समोरासमोरचे आवळा आणि ५०-१०० किलोमीटर गेल्यावर पुन्हा तपासा.

• पायरी, दांडी, दिवे, जाळ्या, गळती ही कामे घरी करता येतात. ब्रेक, स्टिअरिंग, गॅसची नळी आणि २३० व्होल्टची जोडणी जाणकाराकडेच द्या. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरू नका.

• साचलेल्या कोमट पाण्यात जंतू वाढतात. १०० लिटरच्या रिकाम्या टाकीची सफाई करताना ती भरून त्यात ५ टक्के क्लोरीनचे द्रावण १०० मिलिलिटर घाला, काही तास ठेवा, सारे ओतून टाका आणि वास जाईपर्यंत धुवा. पिण्याचे पाणी वेगळे ठेवा.

• न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवावे लागते. उन्हात उभ्या गाडीत कोणतेही औषध ठेवू नका. एप्रिल-मे मधला मराठवाडा वृद्धांसाठी टाळा.

• झोपण्यापूर्वी वरचा आणि खालचा झरोका उघडा आहे ना, हे हात लावून पाहा. आणि घरातले वृद्ध माणूस काही वेगळे वाटते म्हणाले, तर यंत्राकडे पाहण्याआधी दार उघडा.